छत एकच, दार एकच: सांगली-साताऱ्याहून शहरातल्या खासगी विद्यापीठात जाताना

विलिंग्डनला किंवा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजला शिकलेल्या पालकांच्या डोक्यात कॉलेज आणि विद्यापीठ या दोन वेगळ्या जागा असतात. कॉलेज सांगलीच्या विश्रामबागेत, विद्यापीठ कोल्हापुरात. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं तेव्हापासून आपल्याकडची ही घडी बसलेली. शिकवणारे इकडे, पेपर तिकडून येणार, निकाल तिकडे लागणार, आणि मार्कलिस्टवर नाव चुकलं की एसटी पकडून कोल्हापूर गाठायचं. या व्यवस्थेला सगळ्यांनी भरपूर शिव्या घातल्या. पण तिच्यात एक सोय होती: शिकवणारा आणि तपासणारा एकच नव्हता.

खासगी विद्यापीठात ही घडी मोडते. अभ्यासक्रम त्यांचा, पेपर त्यांचा, तपासणी त्यांची, पदवी त्यांची, फी त्यांची आणि हॉस्टेलही त्यांचंच. म्हणून निकाल काही आठवड्यांत लागतो आणि नवा विषय पुढच्याच वर्षी अभ्यासक्रमात येतो. आणि म्हणूनच काही बिनसलं तर पहिली दाद त्याच इमारतीत मागावी लागते. शहरातल्या, म्हणजे आपल्यासाठी बहुधा पुण्यातल्या, खासगी विद्यापीठाच्या बऱ्यावाईट गोष्टींचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

आधी पाटी वाचायला शिकावं लागतं. ‘खासगी विद्यापीठ’ म्हणून आपण जे एका दमात बोलतो त्यात किमान दोन जाती आहेत. एक अभिमत: यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम ३ खाली केंद्र सरकारनं दर्जा दिलेलं. भारती विद्यापीठाला हा दर्जा १९९६ ला मिळाला, सिंबायोसिसला २००२ ला, कराडच्या कृष्णाला २००५ ला. दुसरी जात राज्याच्या कायद्यानं झालेल्या खासगी विद्यापीठांची. पूर्वी प्रत्येकासाठी विधिमंडळ स्वतंत्र कायदा करायचं. कोथरूडचं एमआयटी-डब्ल्यूपीयू आणि सांगली-कोल्हापूर रस्त्यावर अतिग्र्याला असलेलं संजय घोडावत विद्यापीठ ही दोन्ही २०१७ ची. तिसरा गोंधळ स्वायत्त कॉलेजचा. आपलं सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज स्वायत्त आहे, पेपर स्वतः काढतं, पण पदवी शिवाजी विद्यापीठाची देतं. ते विद्यापीठ नव्हे.

नावावरून तर अजिबात अंदाज बांधू नका. भारती विद्यापीठ ही पतंगराव कदमांनी १९६४ ला काढलेली शिक्षणसंस्था आहे, आणि त्याच नावाचं अभिमत विद्यापीठही आहे. सांगलीचं त्यांचं मेडिकल कॉलेज अभिमत विद्यापीठाचा भाग, पण संस्थेची इतर काही कॉलेजं त्या त्या भागातल्या सरकारी विद्यापीठांशी संलग्न. डी. वाय. पाटील या नावाची तर पिंपरीला, नेरूळला, लोहगावला, कोल्हापूरला आणि तळसंद्याला वेगवेगळी विद्यापीठं आहेत. ‘डी. वाय.ला ॲडमिशन झालं’ या वाक्याला काही अर्थ नाही. पदवीवर कुणाचं नाव छापून येणार, हे प्रवेशपत्रावर पाहायचं आणि तेच नाव यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या यादीत अक्षरशः जुळतं का ते बघायचं. राज्याच्या खासगी विद्यापीठाला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. त्यामुळे ‘अमुक विद्यापीठाचं अधिकृत सेंटर, इथंच सांगलीत’ असं कुणी सांगत असेल तर तिथं पैसे भरण्याआधी यूजीसीच्या मान्यतेचा कागद मागा. कागद आणून देतो म्हणून गेलेला माणूस सहसा परत येत नाही.

याशिवाय फार्मसीला पीसीआय, कायद्याला बार कौन्सिल, आर्किटेक्चरला सीओए, नर्सिंगला आयएनसी अशा त्या त्या व्यवसायाच्या परिषदेची त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षाला मान्यता हवी. विद्यापीठ खरं असून कोर्सची मान्यता लटकलेली असू शकते, आणि मग पदवी मिळूनही नोंदणी होत नाही. नॅकचा (दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचा) ग्रेड संस्थेचा असतो, तुमच्या शाखेचा नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

आता कॅम्पस कुठला. शहरातल्या मोठ्या विद्यापीठांचे कॅम्पस एकाच जागी नसतात. सिंबायोसिसचंच बघा: सेनापती बापट रोड, विमाननगर, हिंजवडी, आणि लवळ्याची टेकडी. माहितीपुस्तकात फोटो टेकडीवरचा आणि वर्ग गावातल्या चौथ्या मजल्यावर, किंवा याच्या बरोबर उलट, असं कुठल्याही बहुकॅम्पस विद्यापीठात होऊ शकतं. पोरगं शहर बघायला म्हणून गेलं आणि कॅम्पसवरून डेक्कनला यायला तासभर लागतो हे त्याला ऑगस्टमध्ये कळलं, तर उपयोग नाही. सांगलीहून पुणं साधारण २३५ किलोमीटर, साताऱ्याहून त्याच्या निम्म्याहून कमी. आपली एसटी कात्रज-स्वारगेट बाजूनं शहरात शिरते, त्यामुळे भारती विद्यापीठाचा धनकवडीचा कॅम्पस उतरल्याउतरल्या हाताशी. कोथरूडला जायचं तर स्वारगेटहून मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्टेशन, तिथं गाडी बदलून वनाझच्या बाजूला. विमाननगरवाल्यानं त्याच स्टेशनात उलट दिशेची, रामवाडीची गाडी धरायची आणि पुढं रिक्षा. रविवारी रात्री अकराला ट्रंक घेऊन पोचणाऱ्याला मात्र मेट्रोचा भरवसा धरता येत नाही, रिक्षावाला जो आकडा सांगेल तो.

पैशांकडे येतो. खासगी विद्यापीठाचा फी-तक्ता वाचताना शिकवणी शुल्काच्या खाली बघायची सवय लावून घ्यावी. परीक्षा शुल्क, विकास शुल्क, डिपॉझिट, विमा, लॅपटॉप किंवा सॉफ्टवेअर, युनिफॉर्म, औद्योगिक भेट, हॉस्टेल, मेस, लाँड्री. यातलं काय एकदाच भरायचं, काय दरवर्षी आणि काय दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. संलग्न विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. खासगी विद्यापीठात फी-तक्ता आधी विद्यापीठच तयार करतं.

शिष्यवृत्तीत तर लोक हमखास फसतात. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या फी-सवलतीच्या अनेक योजनांना ‘कॅप’मधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश ही अट आहे. मुलींना उच्च शिक्षण मोफत, हे सगळ्यांनी ऐकलंय. ८ जुलै २०२४ चा तो शासन निर्णय उघडून वाचला तर आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाची अट दिसते, आणि त्याच परिच्छेदात खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळल्याचंही. म्हणजे हीच मुलगी वालचंदला कॅपमधून लागली तर सवलत, शहरातल्या खासगी विद्यापीठात गेली तर नाही. विद्यापीठाची स्वतःची ‘मेरिट स्कॉलरशिप’ असते, पण ती पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षांची, आणि पुढच्या वर्षी टिकवायला किती सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून गुणसरासरी) लागतो, ते ऑफर लेटरवर हवं. काउन्सेलरच्या व्हॉट्सॲपवर नको.

कर्ज काढणार असाल तर हिशेब आधी कागदावर मांडा. समजा चार वर्षांचा कोर्स, दरवर्षाच्या सुरुवातीला २ लाख उचल, व्याज १० टक्के. कोर्स संपल्यावर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतच असतं. पहिल्या उचलीवर ५ वर्षांचं, दुसऱ्या उचलीवर ४, मग ३, मग २. एकूण १४ वर्षांचं व्याज २ लाखांवर, म्हणजे सरळव्याजानंच २ लाख ८० हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा बाकी ८ लाख नसते, १० लाख ८० हजार असते. चालू व्याज दरमहा भरत गेलं तर हा डोंगर होत नाही. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली तेव्हा तिच्या यादीत ८६० संस्था होत्या. आपली संस्था चालू यादीत आहे का, हे बँकेत जायच्या आधी बघावं. कारण विनातारण कर्ज आणि आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी ३ टक्के व्याज सवलत, दोन्ही तिथंच अडतं.

आणि आता ती नेहमीची भानगड: जागा अडवून ठेवण्याची. खासगी विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा असतात, त्यांचे प्रवेश एप्रिल-मेपासून सुरू होतात. राज्याच्या कॅपच्या फेऱ्या पावसाळ्यात, म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाखालचं पाणी चाळीस फुटांकडे सरकतंय की नाही हे बघायच्या दिवसांत. मधल्या दोन-तीन महिन्यांत ‘आत्ता भरा, नाही तर सीट जाईल’ असा फोन रोज येतो. भरावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण परताव्याचा नियम पाठ असावा. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाची शेवटची जाहीर तारीख १५ दिवस किंवा अधिक लांब असताना सोडलं तर पूर्ण फी परत. त्यातून फक्त प्रक्रिया शुल्क कापता येतं, तेही ५ टक्के किंवा ५ हजार, यातलं जे कमी ते. १५ दिवसांहून कमी उरले असताना ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर शून्य. अनामत रक्कम पूर्ण परत. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. अधूनमधून यूजीसी त्या वर्षापुरतं याहून उदार परिपत्रक काढते, तेही बघून घ्यावं. सगळा खेळ त्या ‘शेवटच्या जाहीर तारखे’वर चालतो, म्हणून ती तारीख पैसे भरतानाच स्क्रीनशॉटसकट जपून ठेवायची, आणि प्रवेश रद्दचा अर्ज ईमेलवर करायचा. फोनवर ‘सांगितलं होतं’ याला तारीख नसते.

अभ्यासाकडे वळू. इथं मार्कांपेक्षा क्रेडिट बोलतं. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, असे पंधरा आठवडे. प्रॅक्टिकलला त्याच्या दुप्पट तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट. ही क्रेडिट्स एबीसी, म्हणजे ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच आधारवरचं नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि विद्यापीठातलं नाव एकसारखं आहे का ते तपासा. एकात वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून क्रेडिट लटकतात.

एसजीपीए, म्हणजे एका सत्राची गुणसरासरी, हा भारित सरासरीचा प्रकार आहे, हे बहुतेक पोरांना पहिला निकाल लागल्यावर उमगतं. एका सत्राचं उदाहरण घ्या. ४ क्रेडिटच्या दोन विषयांत ८ आणि ६ गुणांक, ३ क्रेडिटच्या दोन विषयांत ९ आणि ७, २ क्रेडिटच्या तीन प्रॅक्टिकलला १०, ९, १०. गुणाकारांची बेरीज १६२, क्रेडिट २०, एसजीपीए ८.१. आता ४ क्रेडिटच्या ज्या विषयात ६ होते तिथं बॅकलॉग लागला, म्हणजे शून्य. बेरीज १३८, एसजीपीए थेट ६.९. आणि एका प्रॅक्टिकलला १० ऐवजी ८ मिळाले असते तर? ७.९. म्हणजे फाईल सजवण्यात रात्र घालवणारा आणि गणिताला ‘बघू’ म्हणणारा, दोघांचा हिशेब इथं दिसतो. कंपन्या चाळणी लावतात ती सीजीपीएची, आणि बऱ्याचदा ‘चालू बॅकलॉग नको’ अशीही.

अंतर्गत गुणांचं वजन इथं जास्त असतं. क्विझ, असाइनमेंट, मिडसेम, प्रेझेंटेशन असं दर पंधरवड्याला काहीतरी असतंच. वर्षभर मजा आणि मार्चमध्ये गाईड, ही आपल्याकडची जुनी पद्धत इथं पहिल्याच सत्रात आपटते. कॉपी-पेस्ट असाइनमेंट सॉफ्टवेअरमध्ये पकडली जाते.

हजेरी ७५ टक्के. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, त्याचं गणित कुणी करत नाही. ३ क्रेडिटचा विषय म्हणजे ४५ तास, ७५ टक्के म्हणजे ३४, म्हणजे चुकवायला हातात फक्त ११. समजा हा विषय सोमवारी सकाळी, बुधवारी आणि शुक्रवारी आहे. दर शनिवार-रविवार घरी येणारं पोरगं सोमवारी दुपारी पोचतं. पंधरा सोमवार गेले. ४५ पैकी ३० उरले, ६६.७ टक्के, नाव डिफॉल्टर लिस्टवर. एकदाही मुद्दाम लेक्चर न बुडवता! एक आड एक आठवडा आलं तर आठ सोमवार जातात, ३७ हजर, ८२ टक्के. तेवढ्यात मिरजेच्या विसर्जनाच्या कमानी बघायच्या सुट्ट्या बसवायच्या. सातारकरांना हा ताप कमी, त्यांची सोमवारची पहाटेची गाडी वेळेत पोचते. बायोमेट्रिक असेल तर पाच मिनिटं उशीर हाही खाडाच. आजारपणाचं सर्टिफिकेट परत आल्यावर त्याच आठवड्यात द्यायचं, सत्र संपताना गठ्ठ्यानं दिलेलं कुणी घेत नाही.

खाड्यावरून मेस आठवली. शहरातल्या स्वतंत्र मेसला महिन्याचे पैसे असतात, गावी जाताना आधी सांगितलं तर खाडे धरतात, पण बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवसांचेच. शुक्रवार रात्र ते रविवार रात्र यात बसत नाही. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद, हे पुण्याचं जुनंच. कॅम्पसच्या हॉस्टेलात मात्र मेस वर्षाची आणि सक्तीची असते, खाड्याचा विषयच नाही. तिखट कमी आणि पनीर जास्त, ही तक्रार सांगलीकर पहिल्या महिन्यात करतो, दुसऱ्या महिन्यात घरून चटणीची बरणी येते. चटणी हॉस्टेलात चालते, इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक किटली बऱ्याच ठिकाणी चालत नाही, सापडली की जप्त.

हॉस्टेलचा करार शैक्षणिक वर्षाचा असतो. डिसेंबरात ‘बाहेर फ्लॅट घेतो’ म्हटलं तर उरलेले पैसे बहुधा येत नाहीत, आणि उन्हाळ्यात खोली रिकामी करावी लागते, म्हणजे गादी-पुस्तकांचं बोचकं कुठंतरी ठेवायची सोय बघा. विचारायचं ते हे: खोलीत किती कॉट, गरम पाणी किती ते किती, रात्रीची वेळ काय, आणि आउटपासची मंजुरी पालकांच्या फोनवर येते का. तो फोन नंबर चालू ठेवा. शेतात रेंज नाही म्हणून वॉर्डनचा फोन लागला नाही आणि पोरगी शुक्रवारी गेटवर अडकली, हे नित्याचं आहे. बाहेर कॉट बेसिसवर राहणार असाल तर मुदत साधारण ११ महिन्यांची, लिव्ह ॲन्ड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा, डिपॉझिट ऑनलाइन भरायचं आणि राहायला जातानाच खोलीचे फोटो काढून ठेवायचे. भिंतीच्या रंगाचे पैसे शेवटी निघतातच.

कॅम्पसवरच्या बाकी गोष्टी, म्हणजे क्लब, फेस्ट, जिम, ढोल-ताशा पथक, इन्क्युबेशन सेंटर, या खऱ्या असतात आणि चांगल्या असतात. आपल्याकडच्या पोरांना इंग्रजीचा धसका असतो, तो क्लबात काम करताना जितका लवकर मोडतो तितका वर्गात मोडत नाही. दोनच सावधगिरी. फेस्टच्या कामासाठी हजेरीची सूट मिळणार असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आधी घ्यायचं. आणि पाच क्लबांत नाव घालण्यापेक्षा एकात कष्टाचं काम, उदाहरणार्थ हिशेब किंवा प्रायोजक मिळवणं, अंगावर घ्यायचं. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनी भरायचं असतं. २०० कोटींचा कॅम्पस असो की भाड्याची इमारत, हेल्पलाइन एकच: १८००-१८०-५५२२. ती चोवीस तास चालते.

प्लेसमेंटचा फलक वाचणं ही एक कलाच झाली आहे. समजा वर्गात ६० जण. प्लेसमेंटसाठी ‘पात्र’ म्हणून नोंद झाली ४५ जणांची, नोकरी लागली ३६ जणांना. फलकावर ८० टक्के, वर्गाच्या हिशेबानं ६०. आता ३६ पैकी ३० जणांना ४ लाख, पाच जणांना ६ लाख आणि एकाला ४४ लाख. सरासरी निघते जवळपास ५ लाख ४० हजार, आणि मधोमध उभा असलेला पोरगा ४ लाखांवर. फलकावर फोटो कुणाचा, हे सांगायला नको. तेव्हा विचारायचा तो मध्यांक, इंग्रजीत मीडियन. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था ज्या माहितीचा तक्ता भरतात, त्यात पदवी घेतलेले किती, नोकरी लागलेले किती, उच्च शिक्षणाला गेलेले किती आणि मीडियन पगार किती, हे कोर्सच्या कालावधीनुसार असतं, आणि तो तक्ता संस्थेच्या संकेतस्थळावर सापडतो. दहा मिनिटांचं काम आहे. ‘पॅकेज’मध्ये पीएफ, ग्रॅच्युइटी, कामगिरीवरचा बोनस सगळं धरलेलं असतं. बॉन्ड आहे का, हेही तिथंच विचारावं.

आता दाद मागण्याचं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे आणि वर एक लोकपाल. समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे जायचं, आणि तिथं ३० दिवसांत निकाल अपेक्षित. परतावा अडवणं, मूळ कागद न देणं, निकाल रोखणं, माहितीपुस्तकात लिहिलेली सोय न देणं, हे सगळं यात बसतं. तक्रार एका पानाची, तारखांच्या क्रमानं, पावत्या जोडून. वर्गातल्या गप्पांत ‘यांच्या नादी लागू नको, मार्क कापतील’ असा सल्ला हमखास मिळतो. ही भीती अगदीच निराधार नाही, कारण छत एकच आहे. म्हणून तक्रार वर्गातल्या चार-पाच जणांच्या सहीनं गेली तर बरी.

पदवी झाल्यावर घाईनं गावी पळू नका. नो-ड्यूजच्या कागदावर लायब्ररी, लॅब, हॉस्टेल, अकाउंट्स अशा सह्या घेतल्याशिवाय डिपॉझिट निघत नाही, आणि ते पैसे कित्येकांचे तसेच राहतात कारण पहिल्या वर्षाची पावती सापडत नाही. ट्रान्सक्रिप्टचे (सगळ्या सत्रांच्या एकत्र गुणपत्रकाचे) सीलबंद संच तिथं असतानाच तीन-चार काढून ठेवा. आणि पुढं शिवाजी विद्यापीठात किंवा दुसरीकडे एमएस्सी-एमबीए करायचं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज त्याच फेरीत भरून टाका, म्हणजे एका कागदासाठी पुन्हा २३५ किलोमीटर जावं लागणार नाही.